चिखलातून वेचलेले खिळे

लेम टिडवेल फ्लूच्या साथीत गेला तेव्हा गावानं धरूनच चाललं होतं की त्याची बायको छापखाना विकणार आणि वेकोला बहिणीकडे जाऊन राहणार. मूलबाळ नव्हतं. सासऱ्यानं कापसाच्या दिवसांत काढलेलं ‘टॅलो क्रीक हेरल्ड’ हे साप्ताहिक म्हणजे एक हातानं दाबायचं छपाईयंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, काही पेट्या आणि एक मांजर, एवढाच पसारा. पण लेमला मंगळवारी पुरलं आणि गुरुवारी अंक निघाला. पहिल्या पानावर काळ्या चौकटीत लेमच्या जाण्याची बातमी होती. ती त्याच्या बायकोनं, म्हणजे गाव ज्यांना मिस ऑर्फा म्हणे त्यांनी, स्वतः लिहिली होती आणि एकेक खिळा जुळवून स्वतःच छापली होती.

मी नंतर विचारलं, “एवढी घाई कशाला केलीत?”

“गावात कुणी गेलं की हेरल्डमध्ये येतं,” त्या म्हणाल्या. “लेमचंच तेवढं गाळायचं का?”

मी डोव्ही लॅकी. त्यांच्या छापखान्याला लागून माझा कॅफे होता. मधली भिंत फळ्यांची. पलीकडे यंत्र चालू झालं की इकडे माझे कप किणकिणायचे, आणि पलीकडे कुणी चढ्या आवाजात बोललं की इकडे शब्दन् शब्द यायचा. मी कान लावत नव्हते, पण बुचंही घालत नव्हते.

त्या काळचा हेरल्ड म्हणजे चार पानं. कुणाची गाय सुटली, कुणाची मावसबहीण फोर्ट वर्थहून आली, गारपिटीनं कुणाची कपाशी झोपली, नवे पाद्री किती वेळ बोलले. मिस ऑर्फा उंच, हाडापेरानं मोठ्या, केस घट्ट बांधलेले, बोटं शाईनं कायमची काळी. चर्चला जाताना हातमोजे घालायच्या ते थंडीसाठी नव्हेत.

मग पेटस यांच्या कपाशीच्या शेतात तेल लागलं. आधी जमीन गुरगुरली, मग काळा फवारा तेलाची विहीर खणायच्या मनोऱ्याच्या वर चढला आणि अर्ध्या मैलातली सगळी कोंबडी काळी झाली. वर्ष उलटायच्या आत आमचं गाव आम्हालाच ओळखू येईना. परसदारी लाकडी मनोरे उभे राहिले. ओढ्याच्या काठानं तंबूंची रांग लागली, ती नजर पोचेल तिथवर. रस्त्यात एवढा चिखल की खेचरं पोटापर्यंत रुतायची, आणि साहेबलोकांना पाठीवर घेऊन रस्ता ओलांडून देणं हा एका माणसाचा धंदाच झाला. ‘विहीर’ म्हटलं की पाण्याची की तेलाची, असं विचारावं लागे.

माणसांच्या पाठोपाठ वर्तमानपत्रं आली. एक तर रेल्वेच्या डब्यातच छापलं जाई. एकात बातमी म्हणून नव्हतीच, सगळी पानं तेल कंपन्यांच्या शेअरच्या जाहिरातींनी भरलेली. त्याचा संपादक एका सकाळी ट्रंकेसकट नाहीसा झाला. एक पाद्रीबुवांनी दारूविरुद्ध काढलं होतं, ते गुत्तेवालेच जास्त वाचायचे. आली तशी ती गेली. टिकलं ते वेंडेल स्क्रग्ज यांचं दैनिक, ‘डेली गशर’. गशर म्हणजे जमिनीतून उसळणारा तेलाचा फवारा.

स्क्रग्ज टल्साहून आले. काटकुळे, बो टाय लावणारे, जिभेला धार. त्यांनी बरोबर लायनोटाइप आणलं होतं. कळा दाबल्या की ते यंत्र शिशाची आख्खी ओळ ओतून देतं. खिळे एकेक वेचायला नकोत. ते येताना माझ्या दारासमोरच गाडीसकट चिखलात बसलं. अख्खं गाव बघायला जमलं. मिस ऑर्फाही छत्री घेऊन आल्या.

“मिस्टर स्क्रग्ज, बुडालं का हो?”

“बुडालं नाही, मॅम. जरा विसावलंय.”

“विसावू दे. उद्यापासून त्याला पुष्कळ थापा मारायच्यात.”

स्क्रग्जनी हॅट काढून अभिवादन केलं. तिथून जे युद्ध जुंपलं ते काही वर्षं चाललं. गशरनं हेरल्डला ‘गाईंचं राजपत्र’ म्हटलं. पुढच्या गुरुवारी हेरल्डमध्ये चौकट आली: “हरवलेली गाय हेरल्डमुळे सापडते. गशरमध्ये जाहिरात आलेल्या कंपनीत घातलेला पैसा कुणाला परत सापडला असल्यास कळवावे. बातमी फुकट छापू.” त्या दिवशी माझ्या कॅफेत तेलकामगार ती चौकट मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि कोपऱ्यात स्क्रग्ज माझा पेकन पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा भाजलेला गोड पदार्थ, खात होते. ते मान वर न करता म्हणाले, “डोव्ही, बाई लिहिते बरी. पण वाचतं कोण?”

“तुम्ही वाचता की,” मी म्हटलं.

दर सोमवारी मिस ऑर्फा लेमचे रबरी बूट चढवून तंबूंच्या वस्तीत जायच्या. कोण कुठून आलं, कुणाला बाळ झालं, कुणाचा हात यंत्रात गेला, हे विचारत फिरायच्या. लोक आधी बिचकायचे. शेरीफची माणसं सोडली तर त्यांचं नाव कुणी विचारत नसे. मग हळूहळू कॉफी पुढे करायला लागले. धुणी धुणारी ओफेलिया कांतू त्यांना वस्तीभर फिरवायची, मेक्सिकन घरांतलं स्पॅनिश बोलणं इंग्रजीत समजावून सांगायची. स्क्रग्जना याचं हसू यायचं. “लोकांना किती पिंपं तेल निघालं ते हवंय. कुठल्या तंबूत कोण रडलं ते नकोय.”

“तुम्ही पिंपं मोजा,” मिस ऑर्फा म्हणायच्या. “माझी माणसं मला पुरे.”

मग तो तापाचा उन्हाळा आला.

तंबूंच्या वस्तीत पोरं आजारी पडायला लागली, मग मोठी माणसं. आमच्या मागच्या गल्लीतल्या अ‍ॅशलॉकांची दोन मुलं एकाच आठवड्यात गेली. डॉक्टर बॅस्कम यांनी मिस ऑर्फांना सरळ सांगितलं, हा विषमज्वर आहे, आणि तो पाण्यातून येतोय. राज्याच्या आरोग्य खात्याला त्यांनी कळवलं होतं, पण तिकडून कुणी येईपर्यंत काय करायचं? गावातलं बहुतेक पाणी रॉइस मॅडॉक्सच्या विहिरीचं. हा मॅडॉक्स जमिनीचे तुकडे विकायचा आणि पिंपातून पाणीही विकायचा. त्याची विहीर तंबूंच्या संडासांच्या उताराला होती.

मिस ऑर्फा त्या दुपारी मागच्या दारानं माझ्या स्वयंपाकघरात आल्या.

“डोव्ही, पिंपातलं पाणी मॅडॉक्सचं ना?”

“सगळ्यांचंच त्याचं.”

“आजपासून उकळून घे. प्यायचं, भांड्यांचं, ज्यूनीच्या दुधात घालतेस ते, सगळं.”

“मी दुधात पाणी घालते असं कोण म्हणालं?”

“दूधच म्हणालं.”

ज्यूनी माझी मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. मी त्याच वेळी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. पुढे कित्येक आठवडे ते खाली उतरलं नाही. कॅफेत बसलं की घामाच्या धारा लागायच्या, गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण ज्यूनीला ताप आला नाही. मी आज जे काही सांगतेय ते याच्यासाठी सांगतेय.

दुसऱ्या दिवशी मॅडॉक्स पलीकडे आला. फळ्यांमधून मला सगळं ऐकू येत होतं. आवाज गोड होता.

“मिसेस टिडवेल, असली बातमी छापली तर लोक पळतील. गाव मरेल.”

“गाव मरतंच आहे, मिस्टर मॅडॉक्स. या आठवड्यातली नावं वाचून दाखवू?”

“वर्षभर तुमचं पहिलं पान मी घेतो. माझी जाहिरात. हवं ते सांगा.”

“पहिल्या पानावर जागा नाही.”

“काय आहे एवढं?”

“पाणी,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी हेरल्डच्या पहिल्या पानावर जेवढे मोठे खिळे त्यांच्याकडे होते तेवढ्या मोठ्या अक्षरांत दोनच शब्द होते: ‘पाणी उकळा’. खाली विहिरीचं नाव, मालकाचं नाव, डॉक्टरांचं म्हणणं. त्याखाली तेच सगळं स्पॅनिशमध्ये, ओफेलियानं सांगितलेलं. अंक मिस ऑर्फांनी वस्तीत फुकट वाटले. शुक्रवारपर्यंत दुकानदारांनी आपल्या जाहिराती काढून घेतल्या. चर्चबाहेर काही बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. गशरनं तापाबद्दल अवाक्षर छापलं नाही. स्क्रग्ज माझ्याकडे जेवायला यायचे, पण त्या दिवसांत पेकन पाय अर्धवट टाकून उठायचे.

पुढच्या बुधवारी सकाळी मी कॅफे उघडायला आले तर छापखान्याचं दार बिजागरीतून लोंबत होतं. आतलं यंत्र पहारीनं ठोकून दांडा तोडला होता. आणि खिळ्यांच्या सगळ्या पेट्या बाहेर, रस्त्यावरच्या चिखलात उलथ्या केल्या होत्या. टिडवेलांच्या तीस वर्षांच्या छपाईची सगळी अक्षरं चिखलात कालवली होती, आणि वरून कुणीतरी गाडी फिरवली होती.

शेरीफ आले, बघून म्हणाले, “काल वारा फार होता.”

“वाऱ्याच्या हातात पहार होती का, शेरीफ?” मिस ऑर्फांनी विचारलं.

मिस ऑर्फा रडल्या नाहीत, पण मी त्यांचे ओठ एवढे पांढरे कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी स्कर्ट सावरला, गुडघ्यावर बसल्या आणि चिखलात हात घालून एक खिळा काढला. ॲप्रनला पुसला. पाहिला. मग दुसरा काढला.

मी आतून भांडी धुवायचं मोठं घमेलं आणलं आणि त्यांच्या शेजारी बसले. माझ्यानं दुसरं काय होणार होतं? तेवढ्यात ओफेलिया धुण्याचा टब डोक्यावर घेऊन आली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. तिच्यामागे वस्तीतल्या बायका आल्या. रात्रपाळी संपवून तेलकामगार घरी जात होते, तेही थांबले. एकानं खडी चाळायची चाळण आणली. मग तर वेगच आला. चिखल चाळणीवर टाकायचा, वरून पाणी ओतायचं, उरलेले खिळे टबात. अ‍ॅशलॉकांची आईही आली. काळ्या कपड्यांत, कडेला बसून वेचत राहिली. तिला कुणी ‘राहू दे’ म्हटलं नाही.

धुतलेले खिळे माझ्या टेबलांवर आले. एक टेबल a चं, एक e चं, असं करत करत टेबलं संपली, मग बाकं घेतली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते आकार बघून लावत होते. “हे पोट इकडे असलेलं कुठे टाकू?” “ते b. काउंटरवर.” “मग हे पोट तिकडचं?” “ते d, पण थांब, खिळ्यावर अक्षर उलटं असतं.” मग सगळं पुन्हा. लोक हसत होते. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच इतकी माणसं एकत्र हसताना ऐकली.

दुपारी स्क्रग्ज आत आले. त्यांनी टेबलांकडे पाहिलं, एक खिळा उचलला, परत ठेवला.

“किती जमलेत?”

“निम्मे असतील,” मिस ऑर्फा म्हणाल्या. “मजा वाटत असेल तुम्हाला.”

“नाही, मॅम. मला संताप आलाय.” त्यांनी हॅट काढली. “तुमचा पेपर मी बुडवणार होतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण तो मी माझा पेपर काढून बुडवणार होतो. पहारीनं नाही. हे ज्यानं केलं त्यानं माझा धंदा काय समजलाय?” ते जरा थांबले. “उद्याचा मजकूर कुठे आहे?”

“डोक्यात.”

“मग चला. तुम्ही सांगा, मी यंत्रावर बसतो.”

“माझ्या अंकात तुमचा एक शब्द जायचा नाही.”

“माझे शब्द फुकट वाटायला नाहीत, मॅम.”

दोघं चिखल तुडवत रस्त्यापलीकडे गेले. मी संध्याकाळी त्यांना जेवण घेऊन गेले तर लायनोटाइप खडखडत होतं, मिस ऑर्फा पाठीमागे उभ्या राहून सांगत होत्या, आणि स्क्रग्ज दर ओळीला अडत होते.

“इथं स्वल्पविराम हवा.”

“नको.”

“मॅम, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला मिळू दे.”

“माझ्या वाचकांना दम असतो.”

स्वल्पविराम गेला की राहिला ते मला माहीत नाही. पण गुरुवारी हेरल्ड निघाला, गशरच्या यंत्रावर, आपल्या स्वतःच्या नावानं. नावाचा लाकडी ठोकळा चिखलातून सापडला होता, त्याचा एक कोपरा तेवढा उडाला होता. आत डॉक्टरांचं निवेदन होतं, कोणत्या गल्लीत किती आजारी ते होतं, आणि दार कुणी फोडलं याबद्दल एकही ओळ नव्हती. आणि त्याच दिवशी गशरच्याही पहिल्या पानावर पाण्याची बातमी आली. ती स्क्रग्जनी स्वतः लिहिली होती आणि तीत मॅडॉक्सला जे जे म्हटलं होतं ते मी चर्चला जाणारी बाई असल्यामुळे इथे सांगत नाही. मॅडॉक्सनं गशरच्याही जाहिराती काढून घेतल्या.

दोन पेपर एकाच गोष्टीवर एकमतानं बोलले असं आमच्या गावात कधी घडलं नव्हतं. जे हेरल्डला हसत होते तेही पाणी उकळायला लागले. राज्याची माणसं आली, विहिरीला कुलूप ठोकलं, आगगाडीतून टाक्या भरून चांगलं पाणी यायला लागलं. कापूस वेचायला सुरुवात होईपर्यंत ताप ओसरला होता. मॅडॉक्स दुसऱ्या तेलाच्या गावी निघून गेला. दार फोडणारे कोण ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मिस ऑर्फांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांच्यात आणि स्क्रग्जमध्ये मैत्री झाली असं कुणाला वाटेल. पुढच्याच आठवड्यात गशरमध्ये आलं की हेरल्ड इतका नेटका यापूर्वी कधीच छापला गेला नव्हता, का ते वाचकांनी ओळखावं. हेरल्डनं उत्तर दिलं की गशरच्या यंत्राला आयुष्यात एकदा तरी खरं छापायला मिळालं, त्याबद्दल यंत्राचं अभिनंदन.

तेल जसं आलं तसं उतरलं. मनोरे निघाले, तंबू गेले, लोकांनी घरंसुद्धा ओंडक्यांवर घालून दुसऱ्या गावी ओढून नेली. पेपर एकेक करून बंद पडले. गशर दैनिकाचं साप्ताहिक झालं, मग महिन्यातून दोनदा, मग एके दिवशी स्क्रग्ज माझ्या काउंटरशी येऊन बसले आणि त्यांनी पेकन पाय मागवलाच नाही. टल्साला परत जायला त्यांना तोंड नव्हतं, आणि ते अवजड यंत्र न्यायला कुणी तयार नव्हतं.

मिस ऑर्फा पलीकडून आल्या आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

“मला एक लायनोटाइप हवंय,” त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. “बोटं दुखतात आताशा. पण मला ते चालवता येत नाही, तेव्हा चालवणाराही लागेल. भांडखोर चालेल. सवय आहे.”

स्क्रग्जनी कप बाजूला सारला. “माझी अट आहे. दुसऱ्या पानावर एक रकाना. त्यात मी तुमच्याविरुद्ध लिहीन.”

“लिहा. मथळा मी देणार.”

मथळा होता, ‘मिस्टर स्क्रग्ज यांचं म्हणणं असं’. पुढची वीसेक वर्षं दर गुरुवारी त्या रकान्यात हेरल्ड कसा चुकतो हे सविस्तर छापून यायचं. शाळेचं छप्पर, पुलाची जागा, बाप्टिस्ट चर्चची घंटा, काही सुटलं नाही. लोक अंक हातात आला की आधी दुसरं पान उघडायचे. मी एकदा मिस ऑर्फांना विचारलं, सरळ लग्न का करत नाही तुम्ही दोघं?

“मग भांडायला गुरुवारपर्यंत थांबता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

मार्च महिन्यात मिस ऑर्फा वारल्या, दोनच दिवसांच्या दुखण्यानं. गावात तेव्हा जेमतेम चार रस्ते उरले होते, तरी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. डॅलसहून, ओक्लाहोमातून, कुठून कुठून माणसं आली. एक जण मला म्हणाला, “मॅम, मी इथल्या तंबूत जन्मलो. सैन्यात भरती होताना जन्माचा पुरावा मागितला, तेव्हा माझ्याकडे हेरल्डचं कात्रण सोडून काही नव्हतं. ते चाललं.” ओफेलिया पहिल्या रांगेत बसली होती, आणि माझी ज्यूनी तिच्या शेजारी. ज्यूनी आता अमरिलोला शाळेत शिकवते. तिनं शवपेटीतल्या मिस ऑर्फांच्या हातांतले हातमोजे काढून घेतले होते. म्हणाली, “त्यांची बोटं अशीच असू देत.”

त्या बुधवारी स्क्रग्जनी मला बोलावलं. यंत्रासमोर बसले होते, पण कळांना हात लावला नव्हता.

“डोव्ही, तू लिही तिच्यावर. इतकी वर्षं तिच्याविरुद्ध लिहिलंय की माझा हात सरळ जायला तयार नाही.”

“मला कुठे लिहिता येतं?”

“तिनं काय केलं ते सांग. मी जुळवतो.”

मी सांगितलं. पाण्यापासून सुरुवात केली. त्यांनी एक शब्द बदलला नाही, स्वल्पविराम मात्र मन मानेल तसे टाकले. मी आभार मानले मिस ऑर्फांचे, नाव घेऊन, छापील अक्षरांत. त्या असताना समोरासमोर मानले असते तर त्यांनी मला दुधावरून बोलायला सुरुवात केली असती.

हेरल्ड आता ओफेलियाची मुलगी कॉन्सुएलो चालवते. ती पोरगी शाळेत असल्यापासून बातम्या आणून द्यायची, नंतर मिस ऑर्फांनी तिला हाताशी धरून सगळं शिकवलं. स्क्रग्ज खूप थकलेत, खिडकीशी बसून छापण्याआधीची मुद्रितं तपासतात. गेल्या आठवड्यात माझ्याकडे दोघं जेवायला आले होते. कॉन्सुएलो तक्रार करत होती की तीन आठवडे झाले, दुसरं पान रिकामं जातंय.

“लिहीन,” स्क्रग्ज म्हणाले. “तू आधी काहीतरी चुकीचं छाप.”

“या गुरुवारी पुलावर लिहितेय. पूल ओढ्याच्या खालच्या अंगाला हवा म्हणून.”

स्क्रग्जनी काटा खाली ठेवला. “खालच्या अंगाला? अगं, पुरात जाईल तो.”

“मग लिहा तसं.”

त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली.